इंजिनाला होडी मिळेपर्यंत

मोटरबोटीचा इतिहास काढला की पहिला वाद मानाचा सुरू होतो. पहिली मोटरबोट कोणाची? जर्मन लोक गॉटलीब डाइम्लरचं नाव घेतात, फ्रेंच न्येप्स बंधूंचा दाखला देतात, इंग्रज हल शहरातल्या प्रीस्टमन बंधूंची आठवण करून देतात. विजेची होडी धरायची म्हटलं तर मान थेट सेंट पीटर्सबर्गला जातो. प्रत्येक दाव्यामागे खरी होडी आहे आणि खरी नदी आहे, त्यामुळे हा वाद मिटण्यातला नाही. पण सगळे दावे शेजारी शेजारी मांडले की वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. होडीत इंजिन ठेवून ती चालवून दाखवणं १८०७ सालीच जमलं होतं. मोटरबोट सामान्य माणसाच्या हाती यायला मात्र त्यानंतर शंभर वर्षं लागली. इतका वेळ का लागला? इंजिनाच्या बाजूने हा इतिहास भरपूर लिहिला गेला, होडीच्या बाजूने फार थोडा, म्हणून हा प्रश्न कोडं वाटतो असं माझं मत आहे. इंजिन तयार झालं, तरी त्याला साजेसा तळ आणि ते एकट्याने हाताळण्याची सोय, या दोन गोष्टी यायच्याच होत्या.

क्लोद आणि नीसेफोर न्येप्स हे दोघे भाऊ फ्रान्समधल्या शालाँ-सूर-सोन गावचे. त्यांनी 'पिरेओलोफोर' नावाचं यंत्र बांधलं, ते होडीत बसवलं आणि सोन नदीत प्रवाहाविरुद्ध चालवून दाखवलं. २० जुलै १८०७ रोजी त्यांना नेपोलियनच्या सहीने दहा वर्षांचं पेटंट मिळालं. इंधन होतं लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पिवळी, पिठासारखी बारीक भुकटी. ती हवेत उडवून पेटवायची. भडक्याच्या दाबाने नळीतलं पाणी होडीच्या मागून जोरात बाहेर पडे आणि होडी पुढे सरके. पंखा नाही, वल्ह्यांचं चाक नाही. मिनिटाला बारा-तेरा धक्के, आणि प्रत्येक धक्क्यासरशी होडी थोडी पुढे. भुकटी महाग पडते म्हणून भावांनी दगडी कोळशाची पूड आणि राळ यांचं मिश्रण वापरून पाहिलं. पेटंटची मुदत संपत आली तेव्हा क्लोद पैसे उभे करायला इंग्लंडला गेला. १८२८ साली तो तिथेच वारला. धाकटा नीसेफोर आज जगाला ठाऊक आहे तो छायाचित्रणाचा जनक म्हणून. ज्वलन इंजिनाची पहिली होडी त्याच्या नावामागे एखाद्या ओळीत उरली आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढची साठ-सत्तर वर्षं पाण्यावर वाफेचं राज्य होतं. मोठ्या जहाजाला वाफ मानवली, लहान होडीचे मात्र तिने हाल केले. पंचवीस फुटी लाँचमध्ये बॉयलर, कोळसा, पाणी आणि इंजिन मांडलं की मधली ऐसपैस जागा त्यातच जाई, आणि माणसं कडेला अंग चोरून बसत. निघण्याआधी वाफ धरेपर्यंत खोळंबा. शिवाय बॉयलर फुटून माणसं दगावण्याचे प्रसंग इतके वाढले, की अमेरिकेत १८५२ च्या कायद्याने वाफेच्या बोटींवर कडक तपासणी आणि परवानाधारक माणसं आली. लहान लाँचच्या मालकाला हौसेने नदीत फिरायचं असलं, तरी पगारी इंजिनवाला सोबत हवाच.

या कायद्यातून १८८० च्या दशकात एक विलक्षण पळवाट निघाली. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक ओफेल्ट याने पाण्याऐवजी नॅफ्थाची वाफ करून चालणारं इंजिन काढलं. तोच नॅफ्था खाली जाळायचा आणि त्याचीच वाफ करून दट्ट्या हलवायचा. वापरलेली वाफ होडीच्या तळाबाहेरून नेलेल्या नळ्यांत थंड होऊन पुन्हा टाकीत येई. टाकी नाळेकडे, इंजिन अगदी मागे, मधली सगळी जागा बसायला मोकळी. काही मिनिटांत होडी निघायला तयार. नॅफ्थाची वाफ कायद्याच्या भाषेत 'वाफ' ठरत नव्हती, म्हणून परवाना लागत नसे. पेट्रोलच्या जातीच्या द्रवाखाली उघडी ज्योत ठेवून लोक बायकामुलांना घेऊन सहलीला जात, हे वाचताना आज अंगावर काटा येतो. तरीही या लाँचेस पुष्कळ खपल्या. बॉयलरवाल्यापासून सुटका व्हावी, यासाठी लोक किती धोका पत्करायला तयार होते, ते यावरून कळतं.

विजेचा रस्ता याहून सभ्य होता आणि जुनाही. मोरिट्झ याकोबीने १८३८-३९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवरची होडी चालवली. तिच्यात चौदा माणसं बसली होती. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हेने पॅरिसला सेन नदीत एक लहान विजेची मोटर सुकाण्यावरच बसवली. मोटर आणि पंखा सुकाण्यासकट उचलून दुसऱ्या होडीला लावता येत, म्हणून पुढच्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या बाहेर टांगायच्या इंजिनाचा, आजोबा त्यालाच म्हणायला हवं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ५५ विजेच्या लाँचेस तळ्यांतून आणि कालव्यांतून फिरत होत्या आणि सहा महिन्यांत दहा लाखांहून जास्त लोक त्यांत बसले. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. पण शिशाच्या बॅटऱ्यांचं ओझं प्रचंड आणि त्या भरायला पुन्हा काठावर यायचं. टेम्सवर त्यासाठी चार्जिंगच्या जागा उभ्या राहिल्या. समुद्रावर त्या कोण उभारणार? म्हणून विजेची होडी नदीत आणि तळ्यातच रमली.

आता डाइम्लर. १८८६ च्या ऑगस्टमध्ये त्याने आणि विल्हेल्म माइबाखने कानश्टाट इथे नेकार नदीत साडेचार मीटर लांबीची होडी उतरवली. इंजिन एका सिलिंडरचं, उभ्या घड्याळासारखं दिसणारं, ताकद जेमतेम एक अश्वशक्ती. त्या काळातली गॅस इंजिनं मिनिटाला दीड-दोनशे फेरे घेत. हे सहाशेच्या वर घेई, आणि म्हणूनच ते लहान आणि हलकं राहू शकलं. होडी ताशी दहा-अकरा किलोमीटर गेली. लोक मात्र बिचकले, कारण पेट्रोल हा भडकणारा पदार्थ आणि तो होडीत, पाण्याच्या मध्यावर. तेव्हा डाइम्लरने होडीवर तारा आणि चिनी मातीचे विद्युतरोधक लावून ती विजेवर चालते असा भास केला, ही हकिगत त्याच्या चरित्रांत सांगितली जाते. ९ ऑक्टोबर १८८६ रोजी त्याला बोटीचा पंखा या इंजिनाने फिरवण्याचं पेटंट मिळालं. १८८८ मध्ये 'मारी' नावाची अशीच एक बोट बिस्मार्कला भेट म्हणून गेली.

ज्या डाइम्लरला आपण मोटारगाडीमुळे ओळखतो, त्याचा धंदा सुरुवातीला तगला तो बोटींमुळे. रस्ते खराब होते आणि गाडी सोसणारी चाकं, कमानी, गिअर हे सगळंच नव्याने शोधायचं होतं. पाण्यावर खड्डे नसतात, चढ नसतो, आणि इंजिन थंड ठेवायला हवं तेवढं पाणी भोवताली असतं. न्यूयॉर्कचा पियानो बनवणारा विल्यम स्टाइनवे याने १८८८ मध्ये डाइम्लरची इंजिनं अमेरिकेत बनवण्यासाठी कंपनी काढली, तिलाही बोटवाले हेच मुख्य गिऱ्हाईक होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम डेंट प्रीस्टमनने रॉकेलवर चालणारं इंजिन होडीत बसवलं. पेट्रोलपेक्षा रॉकेल सुरक्षित, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं.

इंजिनाच्या अडचणी संपल्या नव्हत्याच. डाइम्लरच्या इंजिनात ठिणगी नव्हती. एक नळी बाहेरून बर्नरच्या ज्योतीने लाल करून ठेवायची आणि तिच्या उष्णतेने मिश्रण पेटायचं. वारा आला की ज्योत विझे. विजेची ठिणगी आली तेव्हा खारं पाणी तारांवर उडून ती मरू लागली. बॉशचा मॅग्नेटो आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. पेट्रोल इंजिन उलटं फिरत नाही, हा होडीसाठी मोठाच घोळ. धक्क्याला लागताना रिव्हर्स नसेल तर होडी थांबवायची कशी? म्हणून पाती वळवता येणारे पंखे आले, मग गिअर आले. पहिल्या डिझेल बोटींपैकी 'वांडाल' ही नोबेल बंधूंची १९०३ ची तेलवाहू बोट घ्या. तिचं इंजिन उलटं फिरत नव्हतं, म्हणून इंजिनावर वीज तयार करायची आणि विजेने पंखा फिरवायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागला.

पण खरी गाठ पडली होती ती तळाशी. होडी पाण्यातून जाते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढला की या लाटेची लांबी वाढते, आणि ती होडीच्या लांबीएवढी झाली की होडी स्वतःच उठवलेल्या खळग्यात अडकते. नाळ वर, बूड खाली, जणू कायमचा चढ. पंचवीस फुटी होडीची ही मर्यादा ताशी साडेबारा किलोमीटरच्या आसपास येते. डाइम्लरची पंधरा फुटी होडी एका अश्वशक्तीवर आपल्या मर्यादेला जाऊन भिडलीच होती. दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं असतं, तर लाट मोठी झाली असती आणि वेग फारसा वाढला नसता. सुरुवातीचे शर्यतीचे बोटवाले यावर एकच उपाय करत: होडी लांब आणि सुरीसारखी अरुंद बांधायची.

दुसरा उपाय एका पाद्र्याला सुचला होता, आणि तोही डाइम्लरच्या चौदा वर्षं आधी. इंग्लंडच्या ससेक्समधला रेव्हरंड चार्ल्स मीड रॅमस याने १८७२ मध्ये ब्रिटिश नौदलाला एक प्रस्ताव धाडला. बोटीचा तळ एकसंध ठेवू नका. एकामागे एक दोन उतरत्या पाचरी असाव्यात तसा, मध्ये पायरी देऊन बांधा. वेग आला की बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर उचलली जाईल आणि घसरत धावेल. नौदलाने हा प्रस्ताव विल्यम फ्रूडकडे दिला. फ्रूड हा जहाजाच्या प्रतिकाराचं शास्त्र उभं करणारा माणूस. टॉर्कीला त्याचा प्रतिकृती ओढून पाहण्याचा लांब हौद नुकताच तयार झाला होता. त्याने रॅमसची प्रतिकृती ओढून पाहिली. निष्कर्ष असा, की फार मोठ्या वेगाला ती उचलली जाते हे खरं. पण तो वेग देऊ शकेल इतकं ताकदवान आणि तरीही हलकं इंजिन अस्तित्वात नाही, आणि नेहमीच्या वेगात हा तळ साध्या तळापेक्षा जास्त अडतो. प्रस्ताव बाजूला पडला.

या प्रकरणात पाद्र्याला द्रष्टा आणि फ्रूडला आडमुठा ठरवायचा मोह होतो. मला तो पटत नाही. फ्रूडचं गणित बरोबर होतं आणि त्याच्या काळापुरतं ते शेवटचं उत्तर होतं. बॉयलरसकट वाफेचं इंजिन त्या तळाला कधीच उचलू शकलं नसतं. कल्पना बरोबर असूनही तिला लागणारं साधन जन्मायचं असतं, तेव्हा जे होतं तेच इथे झालं. तीस वर्षांनी ते साधन आलं, आणि पायरीचा तळ लोकांनी पुन्हा उकरून काढला.

ते आलं शर्यतींतून. १९०३ मध्ये आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बंदरात हार्म्सवर्थ चषकाची पहिली शर्यत झाली. सेल्विन एजच्या मालकीची चाळीस फुटी 'नेपियर' ताशी सुमारे ३१ किलोमीटर वेगाने जिंकली, आणि तिच्यासोबत डोरोथी लेव्हिट या तरुणीचं नावही वेगाच्या इतिहासात गेलं. १९०४ पासून मोनॅकोला दर वसंतात मेळावा भरू लागला. याच मेळाव्यांसाठी लेओं लव्हाव्हासरने 'आंत्वानेत' नावाचं आठ सिलिंडरचं इंजिन बनवलं: पन्नास अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. बोटींसाठी बनलेलं हेच इंजिन १९०६ मध्ये सांतोस-द्युमाँच्या विमानाला लागलं. विमानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बोटींचं हे देणं मोकळेपणाने मान्य करायला हवं.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मोटरबोटींच्या तीन शर्यती होत्या, साउदॅम्प्टनच्या खाडीत, ऑगस्टच्या शेवटी. वाऱ्याने आणि लाटांनी इतकी दाणादाण उडवली, की प्रत्येक शर्यत एकेकाच बोटीने पुरी केली. टॉमस थॉर्निक्रॉफ्टच्या 'जायरिनस' बोटीत आलेलं पाणी सोबतचे गडी उपसत होते, आणि तिने दोन सुवर्णपदकं नेली. त्यानंतर मोटरबोट ऑलिंपिकच्या पदकयादीत आली नाही. टॉमसचे वडील जॉन थॉर्निक्रॉफ्ट मात्र वयाच्या साठीनंतर पायरीच्या तळाच्या मागे लागले होते. १९१० मध्ये त्यांची 'मिरांडा-४' ही सव्वीस फुटी बोट ताशी ६० किलोमीटरच्या पुढे धावली. जुन्या हिशोबाने तिला तेरा किलोमीटरसुद्धा जेमतेम जमले असते. याच तळावर पहिल्या महायुद्धात चाळीस फुटी टॉर्पेडो बोटी बांधल्या गेल्या, आणि जून १९१९ मध्ये लेफ्टनंट ऑगस्टस एगरने अशाच एका बोटीतून क्रोनश्टाटजवळ 'ओलेग' ही रशियन क्रूझर बुडवली.

वेगाची ही कथा चकाचक आहे आणि पुस्तकांत तीच जागा अडवते. माझ्या मते मोटरबोटीने जगणं बदललं ते याच वर्षांत, पण शर्यतींपासून लांब, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या मच्छीमार गावांत. तिथे आलेलं इंजिन अवजड होतं, सावकाश होतं, आणि त्याला ठिणगी लागत नव्हती. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने १८९० मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेवर ते उभं होतं. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा. सुरू करताना ब्लो-लॅम्पची ज्योत त्यावर दहा-पंधरा मिनिटं धरायची, तो काळपट लाल झाला की जड फ्लायव्हील हाताने मागेपुढे झुलवून जोरात फिरवायचं. एकदा इंजिनाने पकड घेतली की गोळा आपल्याच ज्वलनाने तापलेला राही आणि दिवसभर टुक-टुक चाले. रॉकेल घाला, हलकं अशुद्ध तेल घाला, ते तक्रार करत नसे. खाऱ्या पाण्याने बिघडायला त्यात वीजच नव्हती, आणि मोडलं तर गावचा लोहार दुरुस्त करी. स्वीडनच्या बोलिंडर कंपनीची अशी इंजिनं तर वेग कमी करून युक्तीने उलटीही फिरवता येत. मच्छीमाराला शर्यत जिंकायची नव्हती. वारा पडला तरी मासळी ताजी असताना बाजार गाठायचा होता, आणि ताशी दहा किलोमीटरने ते साधत होतं. जपानमध्ये शिझुओका प्रांताने १९०६ मध्ये 'फुजी मारू' ही इंजिनाची मासेमारी नौका प्रयोग म्हणून बांधली, ती याच विचारातून.

ब्रिटनच्या जीवरक्षक बोटींनी १९०४ मध्ये एका जुन्या वल्ह्यांच्या बोटीत इंजिन बसवून चाचणी घेतली. इथे अट निराळी होती. बोट उलटून आपोआप सुलटी होणारी, त्यामुळे इंजिन जलरोधक पेटीत हवं. आणि बोट उलटली की ते बंद पडायला हवं, नाहीतर पाण्यात पडलेल्या खलाशांना सोडून ती एकटीच निघून जायची.

तळाचा प्रश्नच टाळणारा मार्ग अमेरिकेत निघाला. होडी बदलायची नसेल, तर इंजिन तिच्या बाहेर टांगा. १९०५ मध्ये कॅमेरॉन वॉटरमनने डेट्रॉइटला असं इंजिन चालवलं आणि विकलंही. पण घराघरांत पोचलं ते नॉर्वेहून लहानपणी आलेल्या ओले एव्हिनरूडचं, १९०९ पासून मिलवॉकीत बनणारं: दीड अश्वशक्ती, वजन २८ किलो. सुरू करायला वरच्या फ्लायव्हीलला एक मूठ असे. ती धरून हिसक्याने फिरवायची आणि हात झटकन मागे घ्यायचा, नाहीतर बोटं फुटायची. जाहिराती आणि हिशोब ओलेची बायको बेस पाहत असे. डोकं तिचंच धंद्याचं होतं, आणि स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांच्या मागण्यांनी कारखाना भरून गेला. पुढे दोघांनी तो धंदा विकला आणि १९२० च्या सुमारास ॲल्युमिनियमचं, दोन सिलिंडरचं, आणखी हलकं इंजिन घेऊन नव्याने उभे राहिले. आज कोणत्याही खाडीत होडीच्या मागे टांगलेलं इंजिन दिसतं, त्याची घडण या दोघांच्या इंजिनापासून फार दूर गेलेली नाही.

महायुद्धाने उत्पादनाचा प्रश्न सोडवला. १९१५-१६ मध्ये अमेरिकेच्या एल्को कंपनीने ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांवर पहारा देणाऱ्या ५५० मोटर लाँचेस ४८८ दिवसांत पुऱ्या केल्या. भाग अमेरिकेत कापून कॅनडात जोडले. बोट ही एकेक करून सुताराने घडवायची वस्तू, ही समजूत तिथे पहिल्यांदा मोडली.

आपल्या किनाऱ्यावर इंजिन आणि होडी जुळवण्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, चाळीस-पन्नास वर्षांनी. १९५० च्या दशकात मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला जोर आला तेव्हा मुंबई राज्यात इंजिनं जुन्याच होड्यांत बसवता आली. सातपाटी आणि वर्सोवा घाटणीच्या होड्या फळ्यांच्या, रुंद पोटाच्या, सरळ कण्याच्या. मागच्या खांबातून शाफ्ट बाहेर काढून पंखा लावायला त्यांत जागा होती आणि इंजिनाचा हादरा सोसायची ताकदही. डोलीची मासेमारी भरती-ओहोटीवर चालते, जाळ्यात मासळी पाण्याच्या ओढीने येते. तांडेलाचा जीव टांगणीला लागे तो जायच्या-यायच्या वाऱ्यावर, आणि इंजिनाने नेमका तोच भार उचलला. केरळात १९५३ पासून नींदकरा इथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. तिथले तज्ज्ञही आधी स्थानिक होड्यांनाच इंजिन लावून पाहायला गेले. पण कोरीव लाकडाच्या होड्यांत आणि कट्टुमरममध्ये इंजिन बसेना. मग नव्या बोटींचे आराखडे काढावे लागले. त्या बोटी सगळ्यांना परवडणाऱ्या नव्हत्या, आणि नव्या बोटवाल्यांचा व जुन्या होडीवाल्यांचा झगडा पुढची कित्येक वर्षं केरळच्या किनाऱ्याला पुरला. त्या जुन्या होड्यांना इंजिन लाभलं ते १९८० नंतर, रॉकेलवर चालणारं आउटबोर्ड आल्यावर. आणि तेव्हापासून तिथल्या मच्छीमाराच्या हिशोबात रॉकेलचा भाव मासळीच्या भावाशेजारी येऊन बसला.